घर ठाण्यात, मृत्यू वाशीच्या रुग्णालयात; मग मृत्यूचा दाखला कुठून घ्यायचा?

तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. घर ठाण्यात, ते वारले वाशीच्या रुग्णालयात, महिना होत आला आणि आता बँक दाखला मागतेय, असं तुम्ही लिहिलंय. दाखला नवी मुंबई महापालिकेकडून घ्यावा लागेल. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार माणूस जिथे वारला तिथेच नोंद होते. तो कुठे राहत होता, घरपट्टी कुठे भरत होता, अंत्यसंस्कार कुठे झाले, हे त्यात बघत नाहीत.

मला हे माहीत नव्हतं. माझे बाबा नवी मुंबईतल्या नेरूळला वारले, आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले. जवाहरबागेतल्या स्मशानभूमीची पावती घेऊन मी तीन दिवस ठाण्यातच खेपा घालत होते. तिसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी पावती बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, वडील वारले कुठे?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणून पालिकेत जाण्याआधी रुग्णालयात जा. रुग्णालयातल्या मृत्यूची माहिती २१ दिवसांत निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं ही रुग्णालयाची जबाबदारी असते, तुमची नाही. त्यांच्या रेकॉर्ड विभागात विचारा: माहिती कधी पाठवली आणि कोणत्या कार्यालयात? नोंद झाली असेल तर नोंदणी क्रमांक लिहून घ्या. मग पालिकेतलं काम सोपं होतं.

रुग्णालयाने पाठवलेल्या माहितीत नाव कसं लिहिलंय, हे तिथेच बघा. हे मी कळवळून सांगतेय. बाबांना भरती करताना माझा चुलतभाऊ घाईत होता, त्याने नाव आणि आडनाव तेवढं सांगितलं. दाखल्यावर आजोबांचं नाव आलंच नाही. बँकेत आणि विम्याच्या कागदांवर तिन्ही नावं, त्यामुळे "हे दोघं एकच कशावरून?" हा प्रश्न प्रत्येक टेबलावर ऐकला. त्या दिवसांत कुणी आपल्या माणसाबद्दल असं विचारलं की फार लागतं. कायद्याच्या कलम १५ नुसार दुरुस्ती होते. मूळ नोंद तशीच ठेवून समासात बदल लिहितात. पण त्यासाठी रुग्णालयाचं पत्र, बाबांचं आधार, पॅन, आमचं प्रतिज्ञापत्र, एवढं सगळं जमवावं लागलं आणि त्यात दोन महिने गेले. तुमच्या सासऱ्यांचं, सासूबाईंचं आणि सासऱ्यांच्या आईवडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, पत्ता हे सगळं आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच ते छापायला मनाई आहे. विमा कंपनी कारण विचारेल, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत रुग्णालयाकडून मागून घ्या. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकाला द्यायचीच असते.

रुग्णालयाने कळवलंच नसेल तर मात्र थांबू नका. मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत विलंब शुल्क भरून काम होतं, त्यानंतर वर्षभरापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश. चूक रुग्णालयाची असेल तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रती भरपूर काढा, मी आठ काढल्या होत्या. बँक, विमा, सोसायटी, गावच्या सातबाऱ्यावर वारस नोंद, सगळीकडे प्रत लागते आणि कुठे मूळ प्रत ठेवून घेतील याचा नेम नाही. सासरे पेन्शनर असतील तर पहिली प्रत सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी द्या. त्यांचा घरखर्च त्यावर आहे. फ्लॅटवरचं नाव दोन महिन्यांनी बदललं तरी चालेल.