वाड्याच्या बागेची शंभर वर्षांची भिंत पाडण्यापासून कायदा वाचवतो का? (जळगाव जिल्हा)

नुसतं वय पुरत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात किंवा महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्यात वास्तू अधिसूचित झालेली असेल, तरच या कायद्यांचं थेट संरक्षण मिळतं. 1958 च्या कायद्याची व्याख्या मात्र चांगली रुंद आहे. स्मारकाचे अवशेष, त्याची जागा, कुंपणासाठी लागणारी लगतची जमीन, जायची वाट, सगळं त्यात येतं. म्हणजे मूळ वास्तू संरक्षित असेल तर तिची तटभिंतही त्या संरक्षणात येऊ शकते.

भिंत केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत असेल, तर 2010 च्या दुरुस्तीनुसार तिथे नवं बांधकाम बंद आहे. पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण हे बंधन मुख्यतः बांधण्यावर आहे. तुमची जुनी भिंत टिकवायला तेवढ्यावर विसंबू नका.

वाडा अधिसूचित नसेल तर नगरपालिकेत विकास आराखडा आणि वारसा यादी बघा. नगररचना कायदा, 1966 नुसार ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद आराखड्यात करता येते. यादीत नाव नसेल तर ते घालण्यासाठी आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत फोटो आणि सिटी सर्व्हेचा उतारा जोडा. प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा.

आणि कळकळीने सांगतो, डागडुजी सिमेंटने करू नका. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या, चुन्याच्या भिंतीत ओल अडकते आणि ती आतून फुगते. मग ‘धोकादायक’ म्हणून नोटीस येते, आणि तिथे वारसा सांगणं फार अवघड जातं.