महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यावर खंजिराऐवजी खांब का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांच्या ट्रंकेत महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला सापडला, त्यावर दोन मशीनगनांबरोबर खांबासारखं काहीतरी आहे, नेटवर मात्र तिथे खंजीर दिसतो, मग हा नकली का? न बघता खात्री देता येणार नाही, पण खांब आहे म्हणून तो नकली ठरत नाही. उलट नीट जपून ठेवा. माझे मामा याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा विषय आमच्या घरात जेवणाच्या ताटावरचा.

तो खांब म्हणजे भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. पहिली बटालियन 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली, दुसरी कामठीला. तेव्हाच्या बिल्ल्यावर मशीनगन नव्हतीच. स्तंभ आणि 'महार' हा शब्द, बस्स.

स्तंभच का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1890च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं, म्हणजे ठरावीक जातीच लढवय्या असतात असं, खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. ज्यांच्या घरात सुभेदार झाले होते (बाबासाहेबांचे वडील रामजी त्यांतलेच), त्यांच्या पोरांना फौजेचं दार बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये '111 महार्स' ही पलटण उभी केली आणि 1921 पर्यंत मोडलीही. कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' येतं, म्हणजे ते महार. तुम्ही लढवय्ये नाही म्हणणाऱ्यांच्याच कंपनी सरकारने दगडात कोरून ठेवलेला हा पुरावा. 1941 मध्ये तो टोपीवर लावण्यामागचा अर्थ मला तरी असाच दिसतो.

गंमत म्हणजे लष्करी हिशेबात कोरेगावचा रणसन्मान (लढाईच्या नावाने पलटणीला मिळणारा मान) महार रेजिमेंटकडे नाही. तिथे लढलेल्या मुंबईच्या पायदळ पलटणीचा वारसा पुढे ग्रेनेडियर्सकडे गेला. त्यांच्या बिल्ल्यावर काय, तर हातबॉम्ब आणि त्यावर जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या राजघराण्याचा पांढरा घोडा! वंशावळ एकाकडे, आठवण दुसऱ्याकडे.

आता मशीनगन. ऑक्टोबर 1946 मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि स्तंभासमोर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर तिरक्या आल्या, खाली फितीवर 'द महार एमजी रेजिमेंट' (एमजी म्हणजे मशीनगन). बिल्ल्यावरची नळी जाडजूड दिसते ना? ती नळी नव्हे, तिच्याभोवतीचं पाण्याचं वेष्टण आहे. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या सोडताना नळी तापून लाल होऊ नये म्हणून त्यात सुमारे चार लिटर पाणी भरत. गोळ्यांचा पट्टा कापडी, 250 गोळ्यांचा. गन आणि तिवई मिळून वजन इतकं, की एकट्याने उचलून पळायचं काम नाही. साठच्या दशकात या बटालियन साध्या पायदळात बदलल्या, व्हिकर्सही गेली, पण बिल्ल्यावरून ती कोणी काढली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिगुलाचंही तसंच. विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळाला बिगुलावर हुकूम देत. आज हुकूम वायरलेसवर जातो, बिगुल बिल्ल्यावर कायम आहे.

पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. खंजीर वाईट नाही, पण तो कुठल्याही पलटणीचा असू शकतो. स्तंभ एकाच गावचा होता. मामांना मात्र हे पटत नाही. ते म्हणतात, "आमच्यात सगळ्या जातींची, सगळ्या राज्यांची पोरं. एकाच गावचा खांब कशाला?" त्यांच्या बाजूनेही मुद्दा आहे. आज 'यश सिद्धि' हे ब्रीद मिरवणाऱ्या या रेजिमेंटमध्ये खरंच सगळीकडचे जवान आहेत. 1987 मध्ये श्रीलंकेत परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महारचेच.

तुमच्या बिल्ल्यावर स्तंभ आणि मशीनगन दोन्ही आहेत, म्हणजे तो 1946च्या आधीचा नाही. फितीवरची अक्षरं भिंगाखाली वाचून बघा. 'एमजी' दिसलं तर शंका बरीच मिटेल. आणि चिंच-मीठ किंवा ब्रासो अजिबात लावू नका. मामांनी तीस वर्षं घासून घासून आपल्या बिल्ल्यावरच्या मशीनगनची पार काठी करून टाकली आहे.