वाचकांचे प्रश्न : पाहुणे पक्षी आणि भिशीचे पैसे

प्रश्न : दांडिया बाजारातली आमची भिशी यंदा जानेवारीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर सहलीला गेली होती. तिथले पट्टकादंब हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, हे ऐकून परतताना बसमध्येच एकवीस हजार रुपये जमले. आता दोन तट पडले आहेत. पक्षी तिकडे जन्मतात, तर पैसेही तिकडेच पाठवावेत, असं निम्म्या जणी म्हणतात. एका संस्थेने मात्र सुचवलंय, ‘हंसाच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवायला द्या, त्याला तुमच्या भिशीचं नाव ठेवू.’ काय करावं?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, मी नोकरीभर बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसले, त्यामुळे आधी त्याचंच सांगते. भिशीच्या नावाने पैसे मंगोलियाला जाणार नाहीत. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत योजना आहे, ती फक्त व्यक्तींसाठी आहे. मंडळ, ट्रस्ट, फर्म यांना तिचा उपयोग नाही. तुमच्यातल्या एकीने स्वतःच्या पॅनवर, ए-2 फॉर्म भरून पाठवायचं ठरवलं तर जमेल, पण दोन्हीकडच्या बँकांचे चार्जेस आणि चलनाच्या दरातली कात्री लागून एकवीस हजारांतले तिकडे किती पोचतील, ते पाठवण्याआधी विचारून घ्या.

आणि तिकडे पाठवायची घाई कशाला? सायबेरियन क्रौंचाचं काय झालं ते पाहा. हे पांढरेशुभ्र पक्षी हिवाळ्यात भरतपूरला यायचे. आपण तिथे राष्ट्रीय उद्यान केलं, गुरांची चराई बंद केली, जागतिक वारशाचा मान मिळवला. 2002 नंतर मात्र तिथे एकही आला नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून येताना वाटेतच त्यांची शिकार व्हायची. या पक्ष्यासाठी देशांनी एकत्र बसून 1993 मध्ये करारपत्र केलं. जागतिक पर्यावरण निधीचा मोठा प्रकल्प 2003 मध्ये रशिया, कझाकस्तान, इराण आणि चीनमध्ये सुरू झाला, तोवर भरतपूरची वाट मोडलेली होती.

उलट नागालँडचं बघा. अमूर ससाणे रशिया-चीनच्या सीमेकडून निघतात, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेकडे जातात आणि मध्ये दोयांग जलाशयापाशी थांबतात. 2012 मध्ये तिथे जाळी लावून त्यांची बेसुमार कत्तल झाली. बातमी फुटली, सरकार, चर्च, संस्था, गावकरी सगळे कामाला लागले आणि पुढच्याच हंगामात पांगती गावाने जाळी गुंडाळली. एका गावातल्या त्या खर्चाचा फायदा सगळ्या वाटेला झाला. तेव्हा पक्षी कुठल्या देशाचा, हे विचारण्यापेक्षा वाट कुठे गळतेय ते शोधावं. तुमच्या हाताशी आहे तो वढवाणाचा टप्पा.

वढवाणा हा काही निसर्गनिर्मित तलाव नाही. गायकवाडी राज्यात शेतीच्या पाण्यासाठी तो बांधला, ओरसंग नदीचं पाणी त्यात येतं, आणि आजही शेतकरी त्याच्याकडे पाणी म्हणूनच बघतो, ते बरोबरच आहे. 2021 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, पण गव्हाच्या कोवळ्या शेतात हंसांचा थवा उतरला तर शेतकऱ्याला त्या दर्जाचं काय? अशा शेतकऱ्याशी बोलायला, पाणी कधी आणि किती सोडायचं यावर पाटबंधारे आणि वन खात्याला एका टेबलावर आणायला माणूस लागतो. त्या माणसाच्या पगाराला कुणी देणगी देत नाही, कारण पगाराचा फोटो निघत नाही.

दुसरी गरज मोजणीची. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, आणि ती करणारे बहुतेक जण हौशी असतात, गाडीत पेट्रोलही आपलंच भरतात. बंधाऱ्यावर उभं राहून वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा पुंजका मोजायचा म्हणजे डोळ्यांनीच दहा-दहाचे गठ्ठे पाडायचे. निम्मं होतं न होतं तोच वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी जातो, पाण्यावरचं सगळं फडफडत उठतं, की पुन्हा पहिल्यापासून. असल्या आकड्यांवरच पुढे ठरतं की एखाद्या जातीचे एक टक्का पक्षी या पाण्यावर येतात का. रामसरच्या निकषांत हा एक टक्का मोजला जातो. परदेशी निधी मागतानाही हेच आकडे पुढे करावे लागतात.

एकवीस हजारांत मोजणीवाल्यांना साधीशी दुर्बीण आणि दोन हंगामांचं पेट्रोल येईल. ट्रान्समीटरची किंमत बऱ्याचदा लाखाच्या पुढे जाते, वर पक्षी पकडायला वन्यजीव कायद्याची परवानगी लागते. त्या संस्थेकडे परवानगीचं पत्र मागा. आणि हंसाला भिशीचं नाव देण्याचा मोह सोडाच, बाई.

प्रश्न : एवढे करार होतात, मग सरकारं यासाठी पैसे देतात की नाही?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : देतात, पण कशाला ते बघायला हवं. स्थलांतरित प्राण्यांचा बॉन करार 1979 चा, भारत त्यात 1983 पासून आहे. सदस्य देशांची वर्गणी मुख्यतः सचिवालय चालवण्यात आणि बैठकांत जाते, त्यातून कुठल्या तलावाचा गाळ निघत नाही. गाळ, सांडपाणी, कुंपण यांचा खर्च ज्या त्या देशाच्या तिजोरीतून होतो. आपल्याकडे पाणथळींच्या केंद्रीय योजनेत बहुतेक राज्यांना केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटा आहे. 2024 च्या फेब्रुवारीत याच कराराच्या समरकंदच्या बैठकीत पक्ष्यांच्या 30 देशांतून जाणाऱ्या मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी एकत्रित उपक्रम ठरला आणि त्याचा समन्वय कक्ष भारतात ठेवायचं मान्य झालं. कक्ष म्हणजे टेबल-खुर्ची. पैसे अजून मागावेच लागणार.

मला हेवा वाटतो तो अमेरिकेच्या 2000 सालच्या एका कायद्याचा. त्यातल्या निधीचा किमान 75 टक्के भाग अमेरिकेबाहेर खर्च करावा लागतो, कारण तिथले पक्षी हिवाळा मेक्सिको, कॅरिबियन, दक्षिण अमेरिकेत काढतात. वर, निधी घेणाऱ्याला इतरांकडूनही भर घालावी लागते. डभोईच्या हंसासाठी मंगोलियातल्या पाणथळीवर भारताने खर्च करायचं म्हटलं तर लोकसभेत काय हशा पिकेल, कल्पना करा! पण भिशीतल्या निम्म्या बायकांना जे बसमध्ये सुचलं ते खासदारांना सुचायला हरकत नाही.

प्रश्न : पक्षीसंस्थेला रोख देणगी दिली तर करात सूट मिळते का?
— एक वाचक, मकरपुरा, वडोदरा

उत्तर : संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80जी) मान्यता हवी, तुम्ही जुनी करप्रणाली निवडलेली हवी, आणि रोख रक्कम दोन हजारांच्या वर नको. चेक किंवा यूपीआयने द्या आणि पावतीवर स्वतःचा पॅन घालून घ्या.