तुमचे प्रश्न : मातृभाषेचा रकाना

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. आम्ही देगलूरचे. घरात तेलुगू, बाजारात मराठी. मुलगा नोकरीनिमित्त कॅनडात ऑटवाला असतो. तो सांगतो, तिथं सरकारी कचेरीत इंग्रजीत बोला नाहीतर फ्रेंचमध्ये, उत्तर त्याच भाषेत मिळतं. फ्रेंच बोलणाऱ्या छोट्या वस्त्यांना सरकार पैसाही देतं. आपल्याकडं असं काही आहे का? आणि महाराष्ट्रात राहून तेलुगूतून शिक्षण मागणं म्हणजे मराठीशी बेइमानी तर नाही? – एक वाचक, देगलूर

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय असं पत्रावरून दिसतं. नाही, ही बेइमानी नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळं आंध्रात गेली. आज ती तेलंगणात आहेत. तिकडच्या मराठी लेकराला मराठीतून शिकता यावं असं आपल्याला मनापासून वाटतं. बेळगाव-बिदरसाठी तर आपण कंठशोष करतो. मग देगलूरच्या तेलुगू लेकरानं काय घोडं मारलंय? राज्यघटनेच्या ज्या कलमावर बोट ठेवून आपण तिकडं मागतो, तेच कलम इकडंही लागू आहे. शिवाय मराठवाड्याला हे नव्यानं सांगावं लागू नये. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, 1918 ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. मराठी पोरांनी त्यापायी काय सोसलं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे.

आता कॅनडा. मुलगा सांगतो ते खरं आहे. 1969 साली त्या देशानं राजभाषा कायदा केला आणि केंद्र सरकारच्या कारभारात इंग्रजी-फ्रेंचला समान दर्जा दिला. 1982 च्या हक्कांच्या सनदेत, 23 व्या कलमात, क्वेबेक या फ्रेंचबहुल प्रांताबाहेरच्या फ्रेंच आणि क्वेबेकमधल्या इंग्रजी अल्पसंख्याकांना मुलांना आपल्या भाषेतून शिकवण्याचा हक्क मिळाला. एक अट अशी, की तेवढी मुलं असली पाहिजेत. राजभाषा आयुक्त मंत्र्याला नव्हे, संसदेला उत्तरदायी. कचेरीनं तुमच्या भाषेत सेवा नाकारली तर तक्रार त्याच्याकडं जाते. 2023 मध्ये कायदा आणखी कडक केला आणि त्याच वर्षी पाच वर्षांसाठी राजभाषांसाठी 400 कोटी डॉलरहून जास्त रकमेची योजना आणली. प्रांतांपुरतं बोलायचं तर दोन्ही भाषा अधिकृत मानणारा प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. म्हणजे सगळा देश घरीदारी दोन्ही भाषा बोलतो असं समजू नका. द्विभाषिक व्हायचं बंधन सरकारवर आहे, माणसावर नाही.

त्यांच्याकडची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र पैशाची नाही, मोजणीची आहे. 2021 च्या जनगणनेत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, की आईबाप कोणत्या भाषेतून शिकले. फ्रेंच शाळेचा हक्क आईबापांच्या शाळेच्या भाषेवरूनही ठरतो, म्हणून तो कोणकोणत्या मुलांना पोचतो हे नुसत्या मातृभाषेच्या आकड्यावरून पुरतं कळत नव्हतं. आपलं घोडं नेमकं इथंच अडलंय.

कारण नियम आपल्याकडंही आहेत. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं 350-क हे कलम आलं : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी करायची. त्याच्याही आधी, 1949 च्या शिक्षणमंत्री परिषदेत ठरलं होतं, की शाळेत एका भाषेची 40 किंवा वर्गात 10 मुलं असतील तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यायचा. तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल, तर महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्या भाषेतही काढायचं मान्य झालेलं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा आयुक्त 1957 पासून आहे, फक्त त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. ही मोठीच उणीव, आणि ती दूर व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. पुस्तकांचं म्हणाल तर बालभारती आठ भाषांत पुस्तकं काढते. त्यात तेलुगूही आहे, कन्नडही.

मग अडतं कुठं? शाळेच्या जनरल रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. मी सीमेवरच्या शाळांत नोकरी केली. जूनमध्ये नावं घालताना गुरुजी त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'मराठी' लिहीत जातात. बाप अंगठा देतो किंवा सही करतो आणि शेताकडं निघतो. कुणाच्या मनात पाप नसतं, पण ती 40 पोरं कागदावर उरतच नाहीत. अशाच एका शाळेत पहिलीतलं एक लेकरू रडायला लागलं की आम्ही चौथीतल्या त्याच्या बहिणीला बोलवायचो. त्याला लघवीला जायचंय की पोट दुखतंय हे ती आम्हाला सांगायची, आम्ही काय म्हणतोय ते त्याला सांगायची, आणि तेवढा वेळ तिचा भागाकार पाटीवर तसाच राहायचा. नऊ-दहा वर्षांची पोरगी सरकारनं द्यायच्या शिक्षकाचं काम करत होती.

तेव्हा तुमच्या वस्तीतल्या पालकांनी एवढं करावं. नाव घालताना तो रकाना आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या. आधीच चुकीचा भरला असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या. मुलांची यादी करून मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी दोघांकडं द्या, पोच घ्या, पोचेवर आवक क्रमांक आहे का ते बघा. 350 व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, म्हणजे अर्ज तेलुगूतही चालतो. पण काम लवकर व्हावं म्हणून मराठी प्रत जोडा. मराठी सुटेल ही भीती ठेवू नका. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि ते योग्यच आहे. लेकराला दोन्ही भाषा पक्क्या येऊ द्या.

प्रश्न : आमचा तांडा किनवट तालुक्यात आहे. घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा. आमच्या भाषेला ना शाळा ना पुस्तक. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही म्हणून आम्हाला काहीच मिळत नाही, हे खरं का? – एक वाचक, किनवट

उत्तर : अर्धंच खरं आहे. अनुसूचीत नसल्यानं बरंच हुकतं, पण 350-क मध्ये अनुसूचीची अट नाही. 29 व्या कलमातही नाही. ज्यांची स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे अशा कोणत्याही समूहाला ती जपायचा हक्क त्यानं दिलाय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवा असं म्हटलंय. वर कॅनडाचं कौतुक केलं, पण हेही सांगायला हवं, की तिथल्या दोन भाषांच्या कायद्यात मूळनिवासींच्या क्री, इनुक्टिटुटसारख्या भाषांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला 2019 उजाडलं. तोवर कित्येक भाषांचे बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. किनवटच्या कोलामी, गोंडी आणि तुमच्या गोरमाटीचं तसं होता कामा नये.

तुमचा आकडा कुठं जातो ठाऊक आहे? जनगणनेच्या कोष्टकात बंजारी आणि लमाणी हिंदीच्या पोटात धरल्या जातात. म्हणून 2027 च्या जनगणनेत प्रगणक तांड्यावर येईल तेव्हा मातृभाषा म्हणून आपली भाषा आपल्या तोंडानं सांगा आणि त्यानं काय नोंदवलं ते बघून घ्या. हिंदीखालीच धरली तरी तिचा स्वतंत्र आकडा छापला जातो, आणि पुढची मागणी त्याच आकड्यावर उभी राहते. शाळेपुरती तातडीची मागणी एकच ठेवा : पहिली-दुसरीला तांड्याची भाषा येणारा शिक्षक. गोरमाटी देवनागरीत लिहिता येते, तेव्हा लिपीचं कारण कुणी पुढं केलं तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू आहे. हे बेकायदा आहे असं काही जण म्हणतात. – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : बेकायदा नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या अशाच पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 15 एप्रिल 2025 ला निकाल लागला : स्थानिक संस्थांसाठीच्या 2022 च्या राजभाषा कायद्यानं मराठी सक्तीची केली आहे, तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला बंदी केलेली नाही. भाषा धर्माची नसते, लोकांची असते, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. मराठवाड्यात तर उर्दूची गरज सगळ्यांनाच पडते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा निजामकाळचे उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं हुडकावी लागली. पाटी काढा असा अर्ज कुणी दिलाच, तर उत्तरासोबत या निकालाची प्रत जोडायला मुख्याधिकाऱ्यांना सांगा.