मुदत ठेव मोडून माशांसाठी सहा फुटी टँक घ्यावा का?

प्रश्न: मी डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हातात येणारा पगार ६२,००० रुपये असून गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ४५,००० रुपये आहे. आठ महिन्यांपूर्वी ३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकमध्ये रेडटेल कॅटफिश आणि सिल्व्हर अरोवाना यांची तीन-तीन इंची पिल्ले सोडली. आता कॅटफिश दहा आणि अरोवाना चौदा इंचांचा झाला आहे. सोबतचे सहा टायगर बार्ब कॅटफिशने एका रात्रीत संपवले. दुकानदार ६ × २ × २ फुटांचा टँक, फिल्टर आणि स्टँड मिळून १,१५,००० रुपये सांगतो. मासे कर्जतच्या चुलतभावाच्या शेततळ्यात सोडावेत, असेही मनात येते. आमच्याकडे २ लाखांची एकच मुदत ठेव आहे. ती मोडू, की ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर टँक घेऊ?

उत्तर: पैसे कुठून उभे करावेत, असे आपण विचारले आहे, परंतु या पैशांत आपला प्रश्न सुटतो का, हे आधी पाहावे लागेल. मी स्वतः मासे खाणारा माणूस आहे, पाळणारा नव्हे, म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी मोठे मासे वर्षानुवर्षे पाळणाऱ्या दोघांशी बोललो आणि मगच आकडेमोडीला बसलो.

रेडटेल कॅटफिश हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील मासा आहे. पूर्ण वाढ झाल्यावर तो एक मीटरच्याही पुढे जातो आणि चांगले खाणे मिळाले, तर साधारण दोन वर्षांत दोन फूट ओलांडू शकतो. आपण घेऊ पाहत असलेल्या टँकची रुंदीच दोन फूट आहे, म्हणजे ठेव मोडून घेतलेल्या टँकमध्ये या माशाला धड वळताही येणार नाही. सिल्व्हर अरोवानाही तीन फुटांच्या आसपास जातो आणि उडी मारण्यात पटाईत असल्यामुळे टँकवर वजनदार झाकण लागते. टँक जेवढा तेवढाच मासा वाढतो, असे दुकानदाराने आपणास सांगितले असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. अपुऱ्या जागेत आणि खराब पाण्यात मासा खुरटतो, त्याला ‘मापात राहिला’ म्हणत नाहीत. तात्पर्य, १,१५,००० रुपये ही या छंदाची किंमत नसून पहिला हप्ता आहे आणि पुढचा टँक आपल्या दिवाणखान्यात मावणारा नाही.

आता वजन पाहू. सहा फुटी टँकमध्ये काठोकाठ सुमारे ६८० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. काच आणि स्टँड धरल्यास साडेआठशे किलोंच्या आसपास भार अवघ्या बारा चौरस फुटांवर येतो. निवासी खोल्यांच्या स्लॅबचे आरेखन करताना माणसे आणि सामान यांसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरतात. इथे तो आकडा साडेसातशेच्या पुढे जातो. तुळई कुठून जाते यावर बरेच अवलंबून असल्याने स्लॅब खचेलच असे मी म्हणत नाही, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवण्याचा खर्च आपल्या हिशेबात कुठेही दिसत नाही. टँक फुटून खालच्या घराचे छत आणि फर्निचर भिजले, तर विमा मिळेल का, हेही विमा कंपनीकडून लेखी घ्यावे लागेल.

मासिक खर्चाकडे तर आपण पाहिलेलेच नाही. फिल्टर, पंप आणि दिवे मिळून सरासरी १५० वॅट सतत चालले, तर महिन्याला १०८ युनिट होतात. हे युनिट आपल्या सध्याच्या वापराच्या वर, म्हणजे वीजबिलातील वरच्या टप्प्याच्या दराने लागतात. वीज आकार आणि वहन आकार मिळून १२ रुपये धरले, तरी सुमारे १,३०० रुपये झाले. मांसाहारी मासे प्रथिनांवर वाढतात, त्यामुळे पाण्यात अमोनियाही भरपूर सोडतात. म्हणून दर आठवड्याला निदान ३० टक्के, म्हणजे दोनशे लिटर पाणी बदलावे लागेल. पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या होतात. सोसायटीत टँकर येण्याचे दिवस असतील, तेव्हा शेजारी काय म्हणतील, याचा अंदाज आपणच करावा. कोळंबी आणि पेलेट (माशांचे तयार खाद्य) यांचे २,५०० आणि किरकोळ ७०० धरून महिन्याला ४,५०० रुपये होतात. महिनाअखेर आपल्याकडे १७,००० उरतात. त्यातील चौथ्या हिस्स्याहून अधिक रक्कम पुढील दहा-पंधरा वर्षे दोन माशांच्या नावावर जाईल, कारण एवढे आयुष्य या माशांना सहज असते.

ठेव मोडल्यास ८५,००० रुपये, म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च उरत नाही. शिवाय मुदतपूर्व मोडल्याचा दंड वेगळा. मुळात २ लाख हेही साडेचार महिन्यांच्या आतच आहेत आणि गृहकर्ज असलेल्या घरात सहा महिन्यांचे, म्हणजे २ लाख ७० हजार हवेत. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही व्याज असतेच. ते बहुधा वस्तूच्या किमतीत किंवा हुकलेल्या सवलतीत दडलेले असते. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच घेतली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ठेव मोडू नये, हप्तेही घेऊ नयेत आणि दोन्ही मासे याच महिन्यात दुसरीकडे द्यावेत. दहा इंची कॅटफिश परत घेणारा दुकानदार मिळेल. दोन फुटी मासा फुकट दिला तरी कोणी नेत नाही. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. कर्जतच्या चुलतभावाच्या शेततळ्यात सोडण्याचा विचार मात्र मनात आणू नये, कारण पावसाळ्यात शेततळे ओसंडले की मासा ओढ्याला लागतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार हा शिकारी मासा सापडला, तोही काही पोहत आलेला नव्हता.

शिकारी माशांचीच हौस असेल, तर सध्याच्या १९० लिटरच्या टँकमध्ये फायरमाउथ सिक्लिडची जोडी ठेवता येईल. तो सहा इंचांच्या आसपास थांबतो आणि रागावला की लाल गळा फुगवून दाखवतो. ठेवीची मुदत संपल्यावर ती एकरकमी न ठेवता पन्नास-पन्नास हजारांच्या चार ठेवी कराव्यात, म्हणजे अडचणीच्या वेळी सगळी मोडावी लागणार नाही. आणि टँकवर जाणार होते ते ४,५०० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकल्यास कमी पडणारे ७०,००० सव्वा वर्षाच्या आसपास जमतील.