वॉलेनबर्गचं शेवटी झालं काय? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

दर जानेवारीत राउल वॉलेनबर्गवरचा एखादा फॉरवर्ड फिरायला लागतो आणि पाठोपाठ तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देऊन टाकतो. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा स्वीडनचा माणूस, शिकला आर्किटेक्चर आणि तेही अमेरिकेत मिशिगनला, 9 जुलै 1944 ला बुडापेस्टच्या स्वीडिश वकिलातीत सेक्रेटरी म्हणून पोचला. तोपर्यंत हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून 4 लाखांवर ज्यू नाझींच्या ऑशविट्झ मृत्यूछावणीत पाठवून झाले होते, उरले होते ते मुख्यतः राजधानीतले. त्यांना याने निळ्या-पिवळ्या रंगाचे, तीन मुकुट छापलेले संरक्षण पास वाटले, इमारती भाड्याने घेऊन त्यावर स्वीडनचे झेंडे लावले आणि आत माणसं ठेवली. 17 जानेवारी 1945 ला रशियन मार्शल मालिनोव्हस्कीला भेटायला म्हणून ड्रायव्हर विल्मोश लांगफेल्डरबरोबर डेब्रेत्सेनकडे निघाला तो रशियनांच्या ताब्यात गेला आणि परत आलाच नाही. वय 32.

त्याने एकट्याने एक लाख लोक वाचवले हे खरं ना? (नाशिक)

एकट्याने नाही. हजारो म्हणा, ते पुरेसं मोठं आहे. लाखाचा आकडा बुडापेस्टमध्ये वाचलेले झाडून सगळे त्याच्या खात्यावर टाकले की येतो, आणि मग स्वित्झर्लंडचा कार्ल लुट्झ, पोपचे राजदूत आंजेलो रोत्ता, इटलीचा जॉर्जो पेर्लास्का हे सगळे कुठे गेले?

गुगलवर मृत्यू 31 जुलै 1952 दाखवतं. म्हणजे शेवटी छडा लागला तर! (ठाणे)

छडाबिडा काही नाही, ती कागदावरची तारीख आहे. स्वीडनमध्ये जन्ममृत्यूची नोंद टॅक्स खातं ठेवतं, त्यांनी 2016 मध्ये त्याला मृत घोषित केलं. जुलै 1947 नंतर त्याची खात्रीची खूण नाही म्हणून कायद्यानुसार त्यात पाच वर्षं मिळवली, झालं. आपल्याकडे सात वर्षं बेपत्ता माणसाला कोर्ट मृत धरतं तसलाच प्रकार. तुमच्या घरात असं प्रकरण असेल तर गुगलवरून तारखा उचलू नका, वकिलाला विचारा.

रशियाने हार्ट अटॅकचा कागद दिलाय ना, मग एवढा संशय कशाला? (पुणे)

कागद कसा आहे ते बघा आधी. फेब्रुवारी 1957 मध्ये सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री ग्रोमिकोच्या सहीने स्वीडनला उत्तर गेलं की आम्हाला एक हस्तलिखित चिठ्ठी सापडली आहे. तारीख 17 जुलै 1947, लिहिणारा मॉस्कोतल्या लुब्यांका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागाचा प्रमुख स्मोल्त्सोव्ह. कैदी वॉलेनबर्ग रात्री कोठडीत अचानक मेला, बहुतेक हार्ट अटॅक. खाली शेरा, की मंत्र्यांना कळवलंय, पोस्टमॉर्टेम न करता दहन करायचा आदेश आहे. मंत्री म्हणजे राज्य सुरक्षा खात्याचा अबाकुमोव्ह. आता गंमत अशी की कागद बाहेर आला तेव्हा स्मोल्त्सोव्ह मेलेला होता आणि अबाकुमोव्हला त्यांच्याच सरकारने गोळी घातली होती, विचारणार कुणाला? आणि याच सरकारने 18 ऑगस्ट 1947 ला उपपरराष्ट्रमंत्री व्हिशिन्स्कीच्या सहीने लिहून दिलं होतं की हा माणूस सोव्हिएत युनियनमध्ये नाही आणि आम्हाला माहीतही नाही.

पुढे 2009 मध्ये रशियन गुप्तचर खात्याच्या अर्काइव्हनेच संशोधकांना कळवलं की 23 जुलै 1947 ला लुब्यांकात 'कैदी नंबर 7' ची सोळा तासांहून जास्त चौकशी झाल्याची नोंद आहे आणि हा कैदी बहुतेक वॉलेनबर्गच असावा. म्हणजे मेल्यानंतर सहा दिवसांनी. यातून तो पुढे वीस वर्षं जगला असं सिद्ध होत नाही हेही लिहून ठेवा, सायबेरियात पाहिला, व्लादिमिरच्या तुरुंगात पाहिला, वेड्यांच्या इस्पितळात पाहिला असल्या सांगोवांगीच्या गोष्टी ढिगाने आहेत. मारला असेल, तसं रशियातल्याच काही बड्या लोकांनी नंतर म्हटलंय. पण म्हणणं वेगळं आणि फाइल दाखवणं वेगळं.

सर, स्वीडन एवढा सभ्य देश, त्यांचा स्वतःचा डिप्लोमॅट, मग सरकार करत काय होतं? (कोल्हापूर)

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण सगळे जण रशियाला शिव्या देऊन मोकळे होतात आणि खरं शिकण्यासारखं आहे ते इथे आहे.

तारखा लावून बघा. 16 जानेवारी 1945 ला सोव्हिएत परराष्ट्र खात्याकडून स्वीडनला लेखी निरोप आला की वॉलेनबर्ग सापडलाय, आम्ही त्याच्या संरक्षणाची व्यवस्था केली आहे. लेखी! फेब्रुवारीत स्टॉकहोममधल्या सोव्हिएत राजदूत कोलोन्ताय यांनी त्याच्या आईला सांगितलं की मुलगा रशियात आहे, सुखरूप आहे. मार्चमध्ये रशियनांच्या ताब्यातल्या हंगेरियन रेडिओने बातमी सोडली की तो वाटेतच मारला गेला. आता तुमच्या हातात सरकारी निरोप आहे, समोर रेडिओची पुडी आहे, तुम्ही कशावर अडून बसाल? स्वीडनचा मॉस्कोतला राजदूत सोडरब्लोम रेडिओच्या पुडीवर विसंबला. एप्रिलमध्ये अमेरिकन राजदूताने मदत देऊ केली, ती पण नको म्हणाला.

आणि मग 15 जून 1946. या गृहस्थाला खुद्द स्टालिनची भेट मिळाली. स्टालिनने नाव विचारलं, लिहून घेतलं. आणि सोडरब्लोमने काय सांगावं? की माझं वैयक्तिक मत असं आहे की तो अपघातात नाहीतर लुटारूंच्या हातून मेला असावा. म्हणजे आरोपीला बचाव फिर्यादीनेच शिकवून दिला. त्या दिवशी वॉलेनबर्ग जिवंत होता, त्याच शहरात, लेफोर्तोव्हो तुरुंगात.

त्याच सुमाराला स्वित्झर्लंडचेही दोन डिप्लोमॅट बुडापेस्टमधून उचलून मॉस्कोला नेले होते. स्विस सरकारने रशियनांना हवी असलेली माणसं अदलाबदलीत दिली आणि आपली दोघं 1946 च्या सुरुवातीला परत आणली. तेच रशियन, तोच स्टालिन, फरक मागण्यात होता. 2003 मध्ये स्वीडनच्या सरकारी आयोगाने आपल्याच परराष्ट्र खात्यावर कडक ताशेरे ओढले, पण तोवर त्याची आई जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

म्हणून मी कंठशोष करून सांगतो, माणूस बेपत्ता झाला की महत्त्वाचे असतात ते पहिले दिवस, पहिले आठवडे. आणि साहेब लोकांना "बहुतेक गेला असेल" असं बोलू देऊ नका, तुम्ही स्वतः तर अजिबात बोलू नका, कागदावर फक्त "कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे" हेच विचारा. आजही लोक मला सांगतात की चौकीवर "24 तास थांबा" म्हणाले म्हणून थांबलो. असला नियम कुठल्याही कायद्यात नाही, मिसिंगची तक्रार लगेच नोंदवता येते. घेत नसतील तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याच दिवशी वकील गाठा, दुसऱ्या दिवशी नाही.

नेताजी आणि वॉलेनबर्ग एकाच रशियन तुरुंगात होते म्हणे? (नागपूर)

पुरावा पाठवा, मग बोलू. व्हिडिओ पाठवू नका. नेताजींच्या बऱ्याच फाइली 2016 पासून खुल्या झाल्यात, त्या वाचायला कुणी अडवलेलं नाही.

ऑनलाइन पिटिशनवर सही केली तर रशियावर दबाव येतो का? (बोरिवली)

सही करा, ना नाही. पण "सत्य सांगा" या मागणीला कुठलंही सरकार घाबरत नाही कारण त्याचं उत्तर "सांगितलं की" असं देता येतं. घाबरतात ते अमुक रजिस्टरचं तमुक पान मागितलं की. वॉलेनबर्गच्या सावत्र भावाने आयुष्यभर पाठपुरावा केला, 1989 मध्ये सोव्हिएत सरकारने घरच्यांना बोलावून त्याचा पासपोर्ट, डायरी, पैसे हातात दिले, जे चाळीस वर्षं "आमच्याकडे काही नाही" म्हणत होते त्यांनीच. मग 1991 पासून दोन्ही देशांच्या संयुक्त गटाने दहा वर्षं काम केलं आणि शेवटी दोघांनी वेगवेगळे अहवाल लिहिले, एकमत नाहीच. 2017 मध्ये कुटुंबाने मॉस्कोच्या कोर्टात गुप्तचर खात्यावर दावा लावला, मागणी एवढीच की न खोडलेली कागदपत्रं द्या. उत्तर आलं, त्यात इतर माणसांची खाजगी माहिती आहे, देता येत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या कैद्यांची प्रायव्हसी जपतायत! दावा फेटाळला गेला, तरी मागणी बरोबर होती असंच माझं मत आहे. दुसऱ्या देशाकडून कागद मागायचे तर तिथला कायदा जाणणारा माणूस लागतो, मनानेच पत्रं पाठवत बसू नका.

जबरदस्तीने गायब केलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे तो भारताला लागू आहे का? (औरंगाबाद)

सही 2007 मध्ये केली, मान्यता अजून दिलेली नाही. त्यामुळे बंधनकारक नाही.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत बेपत्ता झाले. एक एजन्सी 'सर्च पॅकेज' चे 18 हजार मागते. देऊ का? (सातारा)

एक रुपया देऊ नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी नेटवर फुकट बघता येते, ही मंडळी तेच पान प्रिंट काढून बाइंडिंग करून विकतात. आडनाव इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं म्हणून तीनचार स्पेलिंगं टाकून बघा, आडनावच नसेल तर नुसतं नाव टाका, नोंदीत बापाचं नाव आणि गाव बऱ्याचदा असतं त्यावरून ओळख पटते. कबर नसलेल्यांची नावं स्मारकांवर असतात, माणगावच्या यशवंत घाडगेंना इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचंही नाव कसिनोच्या स्मारकावरच आहे. तिथे सापडलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला सर्व्हिस नंबरसकट लिहा. पेन्शनचं जुनं पुस्तक किंवा मेडल असेल तर नंबर त्यावर असू शकतो, मेडलच्या कडेवर कोरलेला, भिंग घेऊन बघा, आणि चकचकीत करायला पॉलिश मारू नका.

वॉलेनबर्गच्या सहीचा ओरिजिनल पास ऑनलाइन विकायला आहे. गुंतवणूक म्हणून? (दुबई)

नको. 1944 मध्येच जीव वाचवायला लोकांनी त्याच्या नकला छापल्या होत्या, आज तर पैशासाठी छापतात. तरीही घ्यायचाच असेल तर आधी कागदपत्रांच्या तज्ज्ञाला मूळ कागद दाखवा, फोटो नाही, आणि विकणारा मूळ दाखवायला का-कू करत असेल तर तिथेच सोडा.