अटॅकनंतर वडील रात्री घाबरून उठतात, झोपेची गोळी द्यावी का?

तीन आठवड्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, तरी वडील रात्री दोनला छाती धडधडते म्हणून उठून बसतात, असं तुम्ही लिहिलंय. गोळीकडे येतो. आधी वेगळंच सांगतो, कारण कार्डिॲक रिहॅबच्या, म्हणजे अटॅकनंतर रुग्णाला पुन्हा हालचालीला लावण्याच्या कामात याच मुद्द्यावर घरच्यांशी रोज वाद घालावा लागतो. माणसाला गादीवर बसवून ठेवलंत की भीती वाढते. ‘उठू नका, पाणी मी आणते’ हे दिवसभर ऐकलं की आपलं हृदय काचेचं झालंय अशी त्याची खात्रीच पटते.

आता रात्रीचे दोन. जाग येते, धडधडतं, श्वास भराभर चालतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग ‘परत अटॅक’ वाटून श्वास आणखी वाढतो. हे साधारण १० मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतं. पण आधी छातीचं विचारा. आवळल्यासारखं, जबड्यात किंवा हातात जाणारं, घाम, मळमळ असेल तर बसवून डॉक्टरांनी लिहून दिलेली सॉर्बिट्रेट (छातीतल्या कळेवरची गोळी) जिभेखाली द्या. उभ्याने नको, बीपी पडतं. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर अजिबात नको. ५ मिनिटांत उतरलं नाही तर १०८. भीती की हृदय हे कळत नसेल तर हृदयच धरा, मधुमेह असेल तर नक्कीच.

तसं काही नसेल तर पाय खाली सोडून बसवा. नाकाने ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. पोटावरचा हात हलला पाहिजे. दम कोंडायचा नाही, पिशवीत श्वास घ्यायचा नाही.

औषधांची चिठ्ठीही बघा. टिकाग्रेलोर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने काहींना बसल्याजागी दम लागल्यासारखं होतं, मेटोप्रोलॉल या हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळीने काहींना वाईट स्वप्नं पडतात. डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. स्वतःहून मात्र एकही डोस चुकवू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटली की स्टेंटमध्ये (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीत) गुठळी होऊ शकते. खोकल्याने किंवा कुशीवर झोपल्याने स्टेंट सरकत नाही. तो फुग्याने धमनीच्या भिंतीत दाबून बसवलेला असतो. हे वडिलांना स्पष्ट सांगा.

आणि चालवा. सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा १० मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने, जेवणानंतर तासभर सोडून. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. बीपी दिवसातून दोनदा पुरे, तेही ५ मिनिटं शांत बसून. ऑक्सिमीटर कपाटात ठेवा.

गोळी? अल्प्राझोलामसारखी झोपेची-घबराटीची गोळी दुकानातून मागून आणू नका. सवय लागते, उठताना तोल जातो. भीती दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा चालायलाच नकार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘मन खंबीर ठेवा’ हा उपचार नव्हे. सर्ट्रालीन हे भीती-नैराश्यावरचं, हृदयरुग्णांमध्ये तपासलेलं औषध आहे, पण ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनाही कळवा.

एक राहिलं. चालण्याचं हे प्रमाण इको चांगला आहे म्हणून दिलं, तरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वडील धडधडीने उठतात की दम लागून, हे आज नीट विचारा. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, पाय सुजले असतील तर ही घबराट नाही, फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. तेव्हा श्वासाचे व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. बसूनही दम थांबत नसेल तर रात्रीच १०८.